गाईनं वार टाकली का?

व्हिएन्नाच्या सेमेलवाइसवर बोलत असताना मी पॉडकास्टमध्ये मध्येच म्हणाले होते, "हीच गोष्ट गोठ्यातही घडली आहे, पण ती पुन्हा कधीतरी." ते 'पुन्हा कधीतरी' म्हणजे हा लेख. जेवायला बसला असाल तर नंतर वाचा, एवढं मात्र आधीच सांगून ठेवते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गाय पाहिली असेल ती मोटरवेवरून जाताना गाडीच्या खिडकीतून, नाहीतर सुट्टीत गावी गेल्यावर. गाय विताना फार थोड्यांनी पाहिलं असेल. मी पाहिलं ते नऊ वर्षांची असताना, तासगाव तालुक्यात, आजीच्या गोठ्यात. गाईचं नाव चांदी. जर्सीच्या संकरातली, पहिल्या वेताला चांगलं दूध दिलेली, आणि आमच्या घरातली एकमेव. दूध डेरीला जायचं आणि दर दहा दिवसांनी त्याचा पगार यायचा. आजीच्या हातात पडणारे रोख पैसे तेवढेच.

चांदी रात्री व्याली. कालवड झाली म्हणून सगळे खूश. सकाळपर्यंत कालवड उभी राहून आचळाला लागली होती, शेजारपाजारचे चिकाची वाट बघत होते, खरवसाची भांडी निघाली होती. आजी मात्र गोठ्यात येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, "वार टाकली का?" वार पडल्याचं कळलं नाही तर गाय ती खाते, म्हणून कोणीतरी राखणीला बसतं आणि पडली की लांब नेऊन पुरतं. त्या दिवशी पुरायला काही मिळालं नाही. संध्याकाळी वार लोंबकळतच होती. बांबूचा पाला घातला, बाजरी शिजवून गूळ घालून चारली. शेजारच्या एका काकांनी लोंबणाऱ्या टोकाला जुनी चप्पल बांधली, वजनानं खाली येईल म्हणून. तिसऱ्या दिवशी वास सुटला. असा वास, की घरात जेवण जाईना.

मग डॉक्टर आले. बाही खांद्यापर्यंत वर केली, साबण लावला आणि हात आत घातला. अर्धा तास ते एकेक तुकडा सोडवून काढत होते. शेवटी आत दोन गोळ्या ठेवल्या, एक सुई दिली आणि म्हणाले, "झाली मोकळी." घरातल्या सगळ्यांनी सुस्कारा सोडला. दुसऱ्या दिवशी चांदीला ताप भरला. दूध निम्म्यावर आलं. महिन्याभरात ती सावरली, पण गाभण काही राहिली नाही. माजावर यायची, रेतन व्हायचं, तीन आठवड्यांनी पुन्हा उलटायची. दोन वर्षांनी तिला बाजार दाखवला. आजी पुढे कायम म्हणायची, "मी पहिल्याच दिवशी डॉक्टरला बोलवायला पाहिजे होतं."

मी वैद्यकाच्या इतिहासावर काम करते. आजीचं ते वाक्य बरोबर होतं का, हा प्रश्न माझ्या संशोधनाच्या यादीत कधीच नव्हता. पण गेली काही वर्षं तो यादीबाहेर बसून माझ्याकडे बघत होता.

थोडं शरीरशास्त्र लागेल. बाईची वार गर्भाशयाला थाळीसारखी एका जागी चिकटलेली असते. गाईचं तसं नाही. तिच्या गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर साधारण ७० ते १२० बटणांसारखे उंचवटे असतात आणि वारेची तेवढीच झुपकेदार तोंडं त्यांत रुतून बसलेली असतात. वेल्क्रोच्या शंभर पट्ट्या समजा. वासरू बाहेर आलं की सहाएक तासांत, फार तर बारा, या पट्ट्या आपोआप सुटायला हव्यात. २४ तासांत सुटल्या नाहीत तर वार अडकली असं म्हणतात. ती ओढून काढली, तर पट्टी दर वेळी स्वच्छ सुटत नाही. वारेचे बारीक धागे आत राहतात, बटण सोलवटतं, रक्त येतं.

आणि हे सगळं घडतं ते एका उघड्या, सुजलेल्या पिशवीत. वितेवेळी गाईचं गर्भाशय आठ-नऊ किलोंचं असतं आणि महिन्याभरात ते एक किलोच्या आत येतं. या काळात जिवाणू आत शिरतात ते जवळपास प्रत्येक गाईच्या, स्वच्छ गोठ्यातल्यासुद्धा. बहुतेक गाई ते आपले आपण निस्तरतात. काहींना जमत नाही. मग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पातळ, लालसर-तपकिरी, घाण वासाचा स्राव सुरू होतो, ताप येतो, गाय खाणं सोडते. हा गर्भाशयदाह, डॉक्टरांच्या भाषेत मेट्रायटिस. काहींना ताप येत नाही, पण तीन आठवडे उलटले तरी पू येत राहतो आणि गाय गाभण राहत नाही. तो एंडोमेट्रायटिस. वार अडकलेल्या गाईला या दोन्हींचा धोका कितीतरी जास्त.

अडकलेल्या वारेची काळजी जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीची वार पडली नाही तर काय करावं ते सांगितलं आहे: बेंबीच्या वर दाबावं, तिला हलवावं, केसांच्या वेणीनं घसा-टाळू चाळवून ओकारी आणावी, सापाच्या कातेची धुरी द्यावी. धुरीचं सोडून द्या. पण ओकारीमागचा विचार बघा. पोटात जोर निर्माण करायचा आणि शरीराकडूनच काम करून घ्यायचं. बांबूचा पाला, मुळा, भेंडी-गूळ असे जे उपाय आपल्याकडे गुरांना करतात, तेही त्याच जातीचे. बाहेरून काहीतरी द्या आणि थांबा.

युरोपात थांबणं फारसं रुचलं नाही. मी राहते त्या इंग्लंडमध्ये शेतकरी गाईच्या वारेला आजही 'क्लेन्झिंग' म्हणतात. गाईनं वार टाकली की ती 'साफ' झाली. शब्दातच उपाय दडला आहे: आत घाण आहे, ती काढा. एकोणिसाव्या शतकात शिकलेले पशुवैद्य गावोगाव पोचू लागले तेव्हा हातानं वार काढणं हे त्यांचं रोजचं काम झालं. गोठ्यात बादली, साबण, उघडा हात. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना तोच हात.

इथे सेमेलवाइस आठवतो. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात दोन बाळंतकक्ष होते. एकात सुइणी काम करायच्या आणि दुसऱ्यात डॉक्टर व विद्यार्थी. ही मंडळी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे यायची आणि त्यांच्याच कक्षात बायका जास्त मरायच्या. सेमेलवाइसनं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोन. उपचार करणाराच रोग आणतो आहे, हे ऐकून घ्यायची तयारी मात्र फार थोड्यांची होती. गोठ्यात तर हे ऐकायलाही कोणी नव्हतं, कारण तिथे मृत्यूंची वही ठेवायची पद्धत नव्हती. गाय मेली तर मेली. गाभण राहिली नाही तर खाटकाकडे.

गोठ्यातल्या त्या उघड्या हाताचा दुसरा हिशेब डेन्मार्कमध्ये लागला. कोपनहेगनच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये गाईंच्या संसर्गजन्य गर्भपाताचा जिवाणू शोधला. हाच पुढे ब्रुसेला म्हणून ओळखला गेला. या रोगानं गाय गाभडते आणि तिची वार अडकते. आणि त्या वारेत जिवाणू खच्चून भरलेले असतात. म्हणजे ज्या गाईची वार काढायला डॉक्टर हात घालतो, तीच गाय सगळ्यात धोक्याची. बराच काळ असं समजलं जात होतं की हा रोग गाईपुरता आहे. १९१८ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्यात काम करणाऱ्या ॲलिस इव्हान्स यांनी दाखवून दिलं की बँगचा जिवाणू आणि माणसाला 'माल्टा ताप' आणणारा जिवाणू हे जवळचे भाऊबंद आहेत, आणि कच्च्या दुधातून हा ताप माणसाला येऊ शकतो. एका बाईनं, तेही डॉक्टरेट नसलेल्या, हे म्हणावं हे अनेकांना पटेना. पुढे त्यांना स्वतःलाच हा आजार झाला आणि कितीतरी वर्षं तो पुनःपुन्हा उलटत राहिला. आज भारतात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. २०१९ मध्ये तो सुरू झाला. चांदीच्या वेळी असलं काही नव्हतं आणि डॉक्टरांच्या हातात मोजाही नव्हता. ते चांदीच्या मागे उभे राहून स्वतःही किती मोठी जोखीम घेत होते, हे मला विशीत कळलं. त्यांच्यावर रागावणं मी तेव्हापासून सोडून दिलं.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे या काळात काय चाललं होतं? १८८६ हे साल लक्षात ठेवा. मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. स्वतःचं दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या बाईनं तो विषय निवडला होता. त्याच वर्षी मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. तीन वर्षांनी, १८८९ मध्ये, पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरच्या डोंगरात हलली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. पण सरकारला चिंता होती ती बुळकांडीची आणि लष्कराच्या घोड्यांची. बुळकांडीनं हजारो गुरं एका हंगामात मरायची, महसूल बुडायचा. एका गावातल्या एका गाईची वार हा साम्राज्याचा प्रश्न नव्हता. तो बायकांचा प्रश्न होता. गोठा बघायच्या त्या बायका.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाताच्या जोडीला नळी आली. कॉर्नेलचे डब्ल्यू. एल. विल्यम्स यांच्यासारख्या पशुवैद्यांनी गाईच्या वंध्यत्वाला स्वतंत्र विषयाचा दर्जा दिला. त्यांचा जननेंद्रियांच्या रोगांवरचा जाडजूड ग्रंथ १९२१ सालचा. मग गर्भाशय धुवायचा काळ सुरू झाला. पोटॅशियम परमँगनेट, ॲक्रिफ्लेविन, लुगोलचं आयोडिन. लुगोल हे पॅरिसचे डॉक्टर, त्यांचं द्रावण १८२९ चं, माणसांसाठी केलेलं. आपल्या खेड्यांतल्या दवाखान्यांत ते परवापरवापर्यंत सर्रास वापरात होतं. ही द्रावणं जिवाणू मारतात हे खरं. पण गर्भाशयाचं अस्तर आणि तिथे लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी यांनाही ती सोडत नाहीत.

याच काळातला आणखी एक उपाय सांगायलाच हवा, कारण तो आज वाचताना अंगावर काटा येतो. एंडोमेट्रायटिसच्या काही गाईंत बीजांडावरचा पीतपिंड जाता जात नाही, गर्भाशयाचं तोंड बंद राहतं आणि पू आत साठतो. तेव्हाचे पशुवैद्य गुदद्वारातून हात घालून बीजांड चाचपायचे आणि पीतपिंड बोटांनी पिळून काढायचे. बऱ्याचदा गाय खरंच माजावर यायची आणि पू वाहून जायचा. काही गाई मात्र आतल्या रक्तस्रावानं दगावायच्या. कल्पना बरोबर होती, हत्यार चुकीचं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविकं आली आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. पेनिसिलिन, मग १९५० च्या सुमारास टेट्रासायक्लिनचं कुटुंब. गर्भाशयात ठेवायच्या गोळ्या निघाल्या. चांदीच्या आत ठेवल्या त्या त्यांच्याच वंशातल्या असाव्यात. पण विण्यानंतरचं गर्भाशय म्हणजे काचेची परीक्षानळी नव्हे. तिथे पू, रक्त, मेलेल्या पेशी यांचा चिखल असतो, ऑक्सिजन जवळपास नसतो. तिथल्या काही जिवाणूंकडे पेनिसिलिन तोडायचं रसायन असतं. काही औषधांना काम करायला ऑक्सिजन लागतो. औषध आत ठेवलं म्हणजे ते पोचलं असं होत नाही. टेट्रासायक्लिनची गंमत तर वेगळीच. वारेच्या पट्ट्या सोडवायला शरीर जी विकरं वापरतं, त्यांतल्या काहींना हे औषध अडवतं. म्हणजे अडकलेल्या वारेसाठी घातलेली गोळी वार सुटायला उशीर करत असण्याची शक्यता आहे. इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना हे सांगते तेव्हा वर्गात थोडा वेळ कोणी बोलत नाही.

पीतपिंड पिळण्याला पर्याय १९७० च्या दशकात मिळाला. त्याचा धागा मागे १९२३ पर्यंत जातो. लिओ लोएब यांनी गिनीपिगचं गर्भाशय काढून पाहिलं तर पीतपिंड जायचं नावच घेईना. म्हणजे गर्भाशयच त्याला 'जा' असं सांगत असणार. तो निरोप म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, हे मेंढ्यांमध्ये १९७२ मध्ये सिद्ध झालं. काही वर्षांत त्याचं इंजेक्शन बाजारात आलं. पू साठलेल्या गाईला हे इंजेक्शन दिलं की पीतपिंड विरघळतो, तोंड उघडतं, गाय माजावर येते. बोटं घालायची गरज संपली. यश एवढं मोठं की मग ते इंजेक्शन प्रत्येकच पुवाळलेल्या गाईला दिलं जाऊ लागलं, पीतपिंड असो वा नसो. २०१३ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा एंडोमेट्रायटिससाठी सरसकट दिल्यास गाभण राहण्यात फायदा दिसेना.

पण या सगळ्यात मुळातला प्रश्न कोणी नीट विचारलाच नव्हता. वार अडकते का? सगळे धरून चालले होते की गर्भाशयाचा जोर कमी पडतो, किंवा वार यांत्रिकपणे अडकते. म्हणून जोर वाढवा, नाहीतर ओढा. १९८० च्या दशकात नेदरलँड्सच्या गुनिंक यांनी वेगळंच सुचवलं. वासराचा अर्धा वारसा वडिलांकडून येतो. म्हणजे वार ही गाईच्या शरीरासाठी अर्धी परकी. नऊ महिने शरीर ते परकेपण खपवून घेतं. वितेवेळी पांढऱ्या पेशींनी तिला ओळखून 'आता निघा' म्हणायचं असतं. ज्या गाईंची वार अडकते, त्यांच्या पेशी हे काम आळसटपणे करतात. २००२ मध्ये आयोवातल्या एका प्रयोगशाळेत किमुरा आणि सहकाऱ्यांनी १४२ गाईंवर हे तपासलं. त्यांतल्या २० गाईंची वार अडकली. या वीस जणींच्या पांढऱ्या पेशी विण्याच्या आधीपासूनच मंद होत्या. आधीपासून! म्हणजे वार अडकणं हे आजाराचं कारण कमी आणि आजारी व्हायच्या तयारीत असलेल्या शरीराची खूण जास्त.

हे पटलं की पुढचं आपोआप दिसतं. वार ओढून काढली तरी मंद पेशी मंदच राहतात. उलट त्यांच्यासमोर आता शंभर सोलवटलेली बटणं आहेत. १९८८ सालच्या एका अभ्यासात वार काढलेल्या आणि तशीच ठेवलेल्या गाईंची तुलना झाली होती. काढलेल्या गाईंच्या गर्भाशयात जंतुसंसर्ग जास्त काळ टिकला. हात न लावलेली वार साधारण पाच ते दहा दिवसांत सडून सुटून पडते. वास येतो, पण पडते. २००६ मध्ये बर्लिनच्याच गटानं आणखी एक पायरी पुढे जाऊन पाहिलं. वार अडकलेल्या प्रत्येक गाईला प्रतिजैविक देण्याऐवजी फक्त ताप आलेल्या गाईंना दिलं. निकाल वाईट झाले नाहीत आणि औषध कितीतरी वाचलं. ओंटारियोत स्टीफन लब्लांक यांनी २७ गोठ्यांतल्या अठराशेहून जास्त गाई तपासून सांगितलं, की एंडोमेट्रायटिसचा उपचार चार आठवड्यांच्या आत करण्यात फायदा दिसत नाही, कारण तोवर बऱ्याच गाई स्वतःच बऱ्या होत असतात. २००६ मध्ये त्यांनी, मार्टिन शेल्डन यांनी आणि आणखी दोघांनी मिळून या आजारांच्या व्याख्या ठरवल्या. तोवर एका देशातला मेट्रायटिस दुसऱ्या देशात एंडोमेट्रायटिस होता आणि कोणाचा अभ्यास कोणाशी जुळत नव्हता. दीडशे वर्षं उपचार केल्यावर आजाराला नीट नाव मिळालं.

इथे एक गैरसमज व्हायला नको. थांबणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. वार अडकलेल्या गाईचा ताप रोज मोजायचा. ३९.५ अंश सेल्सियसच्या वर गेला, घाण वासाचा पातळ स्राव आला, गाय मलूल झाली, तर ती तातडीची वेळ आहे. तेव्हा प्रतिजैविक लागतं, आणि ते इंजेक्शननं, रक्तातून. वेदनाशामक लागतं, सलाइन लागू शकतं. अशा गाईला पाल्यावर सोडून देणं म्हणजे तिला मारणं. लोंबणारा भाग खूप असेल तर तो कापून आखूड करतात, म्हणजे शेणात लोळत नाही. चप्पल मात्र बांधू नका. वजनानं वार तुटते, आतलं आत राहतं, आणि कधीकधी अंगच बाहेर येतं.

औषध वाचवण्याचा मुद्दा कंजूषपणाचा वाटेल म्हणून सांगते. गाईला दिलेलं गाईपुरतं राहत नाही, हे आपण गिधाडांकडून शिकलो आहोत. गुरांच्या तापावर-दुखण्यावर स्वस्त म्हणून डायक्लोफेनॅक दिलं जायचं. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. कारण २००४ मध्ये उलगडलं, २००६ मध्ये भारतानं गुरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर गिधाडं जवळपास संपली होती. आता पर्याय म्हणून मेलोक्सिकॅम वापरतात. प्रतिजैविकांचं तसंच आहे, फक्त ते इतकं डोळ्यांना दिसत नाही. नेदरलँड्सनं २००९ नंतर दहा-बारा वर्षांत पशुपालनातली प्रतिजैविकं जवळजवळ ७० टक्क्यांनी कमी केली. डच दूध बंद पडलं नाही.

पण नेदरलँड्स म्हणजे तासगाव नव्हे. माझ्या संशोधनाच्या बैठकांमध्ये हे वाक्य मला दरवेळी म्हणावंसं वाटतं आणि बहुतेक वेळा मी म्हणत नाही. तीनशे गाई असलेल्या गोठ्यात एका गाईचं दूध आठवडाभर ओतून दिलं तर चालतं. एकच गाय असेल तर ते दूध म्हणजे घर असतं. शिवाय डॉक्टर दहा मैलांवरून मोटारसायकलवर आले, त्यांनी थर्मामीटर लावला आणि 'काही करू नका, वाट बघा' म्हणून निघून गेले, तर त्यांना पैसे कशाचे द्यायचे? अर्धा तास घाम गाळून हातभर घाण बाहेर काढली, की काम झाल्याचं दिसतं. लोक पैसे देतात ते दिसणाऱ्या कामाचे. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत हात घालू नका असं छापून आल्यावरही हात थांबला नाही, त्याचं हे एक कारण आहे. इंग्लंडमध्येही तो पटकन थांबला नव्हता.

आणि चांदी जर्सीच्या संकरातली होती, हाही इतिहासच. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ सुरू केली, १९७० पासून दुधाचा महापूर योजना आली, गोठलेलं वीर्य गावोगाव पोचलं. खिलार गाय दोन-तीन लिटर द्यायची तिथे संकरित गाय दहा-बारा देऊ लागली. घरात पैसा आला, माझ्या बाबांच्या कॉलेजची फी त्यातूनच गेली. पण जास्त दुधाची गाय वितेवेळी जास्त ताणातून जाते. चीक तयार करायला रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतलं जातं, भूक मंदावते, चरबी वितळायला लागते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात पांढऱ्या पेशी मंद होतात. गाईचं बीज बदललं तितक्या वेगानं तिचा चारा बदलला नाही. भाकड काळात तिला काय चारायचं, विण्याआधीचे तीन आठवडे सगळ्यात महत्त्वाचे का, हे सांगणारं आजीकडे कोणी आलं नव्हतं. रेतन करणारा यायचा, डेरीचा माणूस यायचा. भाकड गाय दूध देत नाही म्हणून तिला कडब्यावर ठेवायची, ही पद्धत खिलारच्या काळातली. चांदीचा तिसरा दिवस बहुधा तिथे सुरू झाला होता, त्या शेवटच्या तीन आठवड्यांत, रिकाम्या गव्हाणीपाशी. बहुधा म्हणते, कारण एका गाईवरून काही सिद्ध होत नाही. पण पहिल्याच दिवशी डॉक्टर आले असते तर हात दोन दिवस आधी आत गेला असता, इतकंच.

हे मी आजीला सांगू शकले नाही. ती गेली त्या वर्षी मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि वेगळ्याच विषयात बुडाले होते.

मागच्या उन्हाळ्यात मात्र बाबांचा फोन आला. ते निवृत्त होऊन गावी राहतात आणि शेजारच्या घरात गाय व्याली होती. फोनवर मागे चारजण एकदम बोलत होते. वार अडकली, दुसरा दिवस आहे, कोणीतरी हात घालायला तयार आहे, तू त्याच विषयात आहेस ना, काय करायचं? मी त्या विषयात नाही, मी इतिहासात आहे, हे समजवण्याची ती वेळ नव्हती. मी विचारलं, "ताप किती आहे?" पलीकडे शांतता. कोणी मोजला नव्हता. मग माणसांचाच थर्मामीटर धुऊन नेला. मी लंडनच्या बसमध्ये बसून दर सकाळी आकडा विचारायची, आजूबाजूच्या प्रवाशांना काय वाटत असेल देव जाणे. ३८.९, ३९.१, ३९. तालुक्याच्या डॉक्टरांशीही बाबा रोज बोलत होते. त्या बाई म्हणाल्या, खाते आहे ना, मग हात नको, मी परवा येऊन बघते. शेजारची मावशी रोज बाबांना ऐकवायची की वास घरात येतोय आणि तुमची लेक तिकडे परदेशात बसून सांगतेय.

सातव्या दिवशी पहाटे बाबांचा मेसेज आला. फोटो होता, तो मी उघडला नाही. खाली लिहिलं होतं, "टाकली."